आला की आलं?

सलाम, वन्सं.

तुम्हाला माती दिली त्याला आता आठवडा होत आला. काल सकाळी नळाला पाणी आलं आणि गल्लीत कोणी ओरडलंच नाही. इतकी वर्षं ते काम तुमचं होतं. आपल्या सोलापुरात पाणी कधी तीन दिवसांनी येतं, कधी पाच, कधी पहाटे तर कधी भर उन्हात. आपलं घर गल्लीच्या उताराला, म्हणून ते आधी आपल्या नळाला येतं. नळ खाकरला की हातातलं काम टाकून तुम्ही ओट्यावर यायच्या आणि "पाणी आलं होऽ, पाणी!" अशी हाक द्यायच्या. मग सगळ्यांनी पळायचं. काल पाणी आलं, थोडा वेळ राहिलं आणि गेलं. निम्म्या गल्लीच्या टाक्या कोरड्या राहिल्या. समोरची नरसम्मा दारात येऊन मला म्हणाली, "सिस्टर गेला, पाणी पण गेला." मला हसू फुटलं, आणि हसता हसता रडू कधी आलं ते कळलंच नाही.

तुमची नरसम्मा अजून तशीच बोलते. घरात तेलुगू, मागावर तेलुगू, आणि मराठीत तिला पुल्लिंगाशिवाय काही येत नाही. म्हैस आला, सून आला, पाणी आला. तुम्ही किती वर्षं तिच्या मागे लागला होता. "नरसम्मा, पाणी आलं म्हण. आलं." ती मान डोलवायची, "तेच की सिस्टर, आला." शेवटी तुम्हीच नाद सोडलात.

माझं लग्न ठरलं तेव्हा बार्शीला आईच्या शेजारणींनी तिला घाबरवून सोडलं होतं. घरात थोरली नणंद, तीही बिनलग्नाची, वर नर्स. पोरीचं काही खरं नाही म्हणाल्या. मी सासरी आले ती भांडायच्या तयारीनेच. पहिल्याच दिवशी तुम्ही मला स्वयंपाकघरात नेलंत आणि म्हणालात, "लता, ह्या घरात एकच नेम हाय. प्रभू आत्ता दारात आला तर लाज वाटंल असं काय ठिवायचं न्हाय." मला वाटलं आता उपदेश ऐकावा लागणार. तर तुम्ही कोपऱ्यातली एक स्टीलची वाटी उचललीत. "ही नरसम्माची. काल आमटी आली होती तिच्यातनं. जा, देऊन ये. तो आला आन् आपल्याकडं शेजारणीची वाटी ऱ्हायली, तर काय सांगू मी त्याला?"

वन्सं, प्रभू पुन्हा येणार म्हणून तुमचं वाट बघणं म्हणजे हे होतं. आकाशाकडे डोळे लावून बसलेलं मी तुम्हाला कधी पाहिलं नाही. भांडी रात्रीची रात्री घासायची. रुसवा झोपायच्या आधी मिटवायचा, आणि मिटवायला तुम्हीच आधी यायच्या, चूक माझी असली तरी. त्याचा मला किती राग यायचा म्हणून सांगू! शेंगाची चटणी नि कडक भाकरी डब्यात कायम, कारण कोण कधी उपाशी दारात येईल सांगता येत नाही. मी चेष्टा करायचे, "वन्सं, प्रभू काय कडक भाकरी खायला येणार आहे का?" तुम्ही म्हणायच्या, "तो न्हाय आला तर दुसरं कुणीतरी येतंच की. तहान लागल्यावर हीर खणायची का?"

तारखा काढणाऱ्यांचा मात्र तुम्हाला भारी संताप. एकदा रविवारच्या उपासनेच्या मंडळीतला कोणीतरी मोबाइलवर व्हिडिओ घेऊन आला होता, अमक्या महिन्यात प्रभूचं येणं होणार, सगळा हिशेब जुळतोय म्हणून. तुम्ही चष्मा लावून अख्खा व्हिडिओ बघितलात आणि मग त्याला विचारलंत, "आई बाजारातनं कवा येणार ह्याचाच हिशेब करत पोरं उंबऱ्यात बसली, तर आल्यावर आई काय करंल?" तो म्हणाला, खाऊ देईल. तुम्ही म्हणालात, "मार देईल. घर झाडलं का न्हाय ते आधी बघंल." करोनाच्या वेळीही तेच. एक जण घाबराघुबरा होऊन सांगत आला, सिस्टर, शेवटचा काळ आला. तुम्ही म्हणालात, "आला असंल. तू आधी मास्क नाकावर घे."

पण एक गोष्ट तुम्ही अगदी गंभीरपणे धरली होती, आणि तिची मला कायम धास्ती वाटायची. तुम्हाला खात्री होती की आपल्याला मरण येणार नाही. तो त्याआधीच येणार. तुमच्या भावाने एकदा जेवताना विषय काढला, की दफनभूमीत आई-दादांच्या शेजारची जागा तुमच्यासाठी मंडळीला सांगून धरून ठेवावी. तुम्ही ताटावरून मान वर न करता म्हणालात, "मला कशाला जागा? माझं तिकीट जित्यापणीचं हाय." हे हसले. मी नाही हसले. मला आपलं वाटत राहिलं, हिचं वय होत चाललंय, गुडघे दुखतात, दम लागतो. आणि एक दिवस आपलं तिकीट ते नाही असं हिला कळलं तर? ज्यावर माणूस इतका भार टाकून उभा आहे तेच काढून घेतलं तर ते कसं पडेल? ही भीती मी तुम्हाला कधी बोलून दाखवली नाही. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, असं काहीतरी पुटपुटून मी विषय बदलायचे.

आपलं एक भांडण वर्षानुवर्षं चाललं, आठवतं ना? दहा कुमारींचा दाखला, प्रभूने सांगितलेली गोष्ट. नवरदेवाला सामोऱ्या जायला निघालेल्या दहा जणी. त्याला उशीर होतो. पाच जणींनी दिव्यासाठी जास्तीचं तेल आणलेलं, पाच जणींनी नाही, आणि शहाण्या पाच जणी आपल्यातलं थेंबभरही द्यायला तयार नाहीत. लहानपणी रविवारच्या शाळेत ऐकला तेव्हापासून तो मला कधी पटला नाही. आपण पाणी भरताना हा वाद हमखास निघायचा. मी म्हणायचे, "थोडं दिलं असतं तर काय बिघडलं असतं? मेल्या कंजूष!" तुम्ही म्हणायच्या, "ते तेल काय किराण्यातलं हाय का? ती ज्याची त्याची तयारी. ती उसनी देता येत न्हाय."

"मग तुम्ही पाणी कसं देता?"

"पाणी येगळं."

"कसं वेगळं?"

"तू आधी पाइप धर, सगळं भुईवर चाललंय."

आणि मोरीपाशी ते तुमचं निळं पिंप. घरातलं सगळं भरून झालं की शेवटी ते भरायचं, आणि ते आपलं नाही. ज्याचं पाणी चुकेल त्याचं. कोणी कारखान्यातून उशिरा यायचा, कोणाची बाई दवाखान्यात असायची, कोणी नुसताच आळशी. तुम्ही कोणाला कारण विचारलं नाहीत. मी म्हणायचे, बघा, तुम्ही त्या पाच शहाण्यांमधल्या नव्हेच. तुम्ही नुसतं हं म्हणायच्या.

मग एकदा मी तुम्हाला पुरतं पकडलं. म्हटलं, "वन्सं, नवरदेवाला उशीर झाला तेव्हा दहाच्या दहा जणी झोपल्या होत्या ना? शहाण्यासुद्धा? मग त्या कसल्या तयार?" तुमच्या हातातली घागर तशीच राहिली. "थांब, बघून सांगते," म्हणालात. तुम्ही बघितलंत, पण सांगितलं नाहीत. कित्येक वर्षं मी त्यावर मिरवून घेतलं. तुम्हाला, मंद्रूपच्या मास्तरांच्या म्हणजे दादांच्या लेकीला, जिला सगळे दाखले तोंडपाठ, तिला बार्शीच्या सुनेने गप्प केलं.

आणि तो रविवार. तो आठवला की अजून हसून माझं पोट दुखतं.

उन्हाळ्याचे दिवस होते, पाण्याचा पत्ता नव्हता, सगळ्यांची पिंपं खडखडत होती. देऊळ गल्लीच्या टोकाला. आपण जुनी माणसं देऊळच म्हणतो. माझ्या अमोलसारखी पोरं चर्च म्हणतात. उपासनेला निघताना तुम्ही नरसम्माला बजावलं होतं, "आज आमी सगळ्या देवळात. पाणी आलं तर दाराशी येऊन हाक मार." त्या दिवशी कुर्डुवाडीहून पाहुणे उपदेशक आले होते, रेल्वेतून निवृत्त झालेले, आवाज असा की माइकची गरज नाही. विषय प्रभूच्या येण्याचाच. तासभर त्यांनी आपल्याला जागं ठेवलं. मग आवाज एकदम खाली आणून, हात वर करून ते म्हणाले, "तो कधी येईल? उद्या? परवा? की आत्ता, या क्षणी..." आणि थांबले. देवळात पंख्यांचा तेवढा आवाज.

आणि बाहेरून, अगदी दाराशी, "आलाऽऽ! आलाऽऽ!"

उपदेशकांचा हात वरच राहिला. मला वाटतं त्या माणसाला घामच फुटला असेल. मग मागच्या बाकावर कोणाच्या तरी डोक्यात उजेड पडला आणि बायका उठल्या. बाक सरकले, पोरं रडायला लागली, दाराशी चपलांचा गोंधळ. मीही उठले. आणि उठता उठता माझं लक्ष तुमच्याकडे गेलं.

तुम्हीही उठला होता. पण तुम्ही दाराकडे बघत नव्हता. चपला शोधत नव्हता. पदर खांद्यावरून नीट घेतलेला, हात बाजूला, मान सरळ. मोठे डॉक्टर राउंडला वॉर्डात शिरले की तुम्ही नर्सा खाटेशेजारी जशा उभ्या राहायच्या, तशा. मी हॉस्पिटलात होते तेव्हा ते पाहिलं होतं. चेहऱ्यावर घाबरणं नाही, आश्चर्यसुद्धा नाही. सगळं जागच्या जागी आहे, या, बघून घ्या, असा चेहरा. वन्सं, माणसाचा असा चेहरा मी त्याआधी पाहिला नव्हता आणि त्यानंतरही नाही.

तेवढ्यात नरसम्मा दारात. "सिस्टर, पाणी आला! लवकर चला!"

तुम्ही तिच्याकडे बघितलंत. आता हिचा चेहरा पडणार, आणि तो मला बघावा लागणार, असं वाटलं. आणि तुम्ही हसलात. सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने, बाकाला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग उपदेशकांना म्हणालात, "साहेब, जरा सवड द्या. घागरी भरून येतो. तुमी म्हनता तसा तो खरंच आला, तर त्यालाबी प्यायला पाणी लागंलच की." ते बिचारे इतके हसले की त्यांनी उरलेला उपदेश नंतर केलाच नाही, नुसती प्रार्थना करून आपल्याकडे कडक भाकरी खायला आले.

त्यानंतर मी तुम्हाला किती वेळा विचारलं. "खरं सांगा वन्सं, तुम्ही कशासाठी उठला होता? आला म्हणून की आलं म्हणून?" तुम्ही ताकास तूर लागू दिली नाहीत. "पाण्यालाच की. दोन हंडे रिकामे होते." मी म्हणायचे, मग चपला का नाही घातल्या? तुम्ही म्हणायच्या, "तुला लई दिसतं." आणि वाती वळायला घ्याव्यात तशा शांतपणे शेंगा सोलायला घ्यायच्या.

दिवाळीच्या आसपास तुमचं जेवण सुटलं. रिपोर्ट आला तो तुम्ही स्वतःच वाचलात, चष्मा पुसून, सगळी पानं. तुमच्या भावाने विचारलं, काय आहे ताई? तुम्ही म्हणालात, "जे हाय ते हाय. चहा ठेव म्हणावं लताला." मी चहा घेऊन आले तेव्हा ते बाहेर गेले होते. कप हातात घेऊन तुम्ही म्हणालात, "लता, आता जागा बघून ठिवा."

मी मोरीत गेले. रडण्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नळ पूर्ण सोडला, तर नळाला पाणीच नव्हतं. तशीच रडले. तुम्ही मरणार म्हणून नव्हे. ते मला त्या दिवशी नीट कळलंही नव्हतं. तुमचं तिकीट गेलं म्हणून. मला त्याचाच राग आला, ज्याची तुम्ही वाट बघत होता त्याचा. म्हटलं, एवढी झाडलोट केली हिने तुझ्यासाठी, एक दिवस चुकवला नाही, आणि तुला यायला झालं काय होतं?

बरेच दिवस मी तुमच्याकडे नीट बघू शकले नाही. मग एका दुपारी तुमचे पाय चोळता चोळता तोंडातून निघूनच गेलं. "वन्सं, तो आला नाही. तुम्हाला फसवल्यासारखं नाही वाटत?"

तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जशी मी एखादी नवी शिकाऊ नर्स आहे. "फसवलं कुटं? माझी पाळी संपली म्हंजे हॉस्पिटल बंद पडलं का? मोठे डॉक्टर माझ्या पाळीत न्हाय आले. पुढच्या पाळीत येतील. आपण वॉर्ड नीट ठिवायचा, चार्ज द्यायचा आन् घरी जायचं." मग म्हणालात, "मला वाटलं होतं माझ्याच पाळीत येतील. लई वाटलं होतं. त्या दिवशी देवळात तर..." आणि पुढचं गिळलंत. एवढ्या वर्षांनी मला उत्तर मिळालं होतं, आणि त्याची चेष्टा करावी असं अजिबात वाटलं नाही.

मग तुमचं तुम्हीच जुनं भांडण काढलंत. "तुझा तो सवाल. दहाजणी झोपल्या म्हनलीस न्हवं? मग नवरदेव आला, बाहेर या, अशी हाक कुणी मारली?"

खरंच, मी कधी विचारच केला नव्हता.

"कुणीतरी जागं होतं की. त्याचं ना नाव, ना गाव. शहाण्यात न्हाय, खुळ्यात न्हाय. तेल उसनं देता येत न्हाय लता, पर हाक देता येती. मला तेवढंच काम पायजे होतं." आणि मिश्किल हसलात. "पाण्यावर सराव केला."

म्हणजे भांडण तुम्हीच जिंकलात. जिंकायला वर्षं लावलीत, तेवढं मात्र खरं.

त्यानंतर तुम्ही जागेचं बोललात. आई-दादांच्या शेजारी नको. फाटकाजवळ, भिंतीच्या कडेला. मी म्हटलं, "तिथे नाही देत वन्सं कोणाला. ती लहान लेकरांची..."

"व्हय," तुम्ही म्हणालात. "आपली हाय की तितं."

आपली. अमोलच्या आधीची. या घरात तिचा उच्चार कोणी केला नव्हता. ती जन्मली तेव्हा रडली नाही. थोरल्यांनी सांगितलं, आईला दाखवू नका, जीव गुंतेल. आणि मला दाखवली नाही. त्या दिवशी ड्यूटीवर तुम्ही होता. तिला अंघोळ घालून, गुंडाळून, भावाला बरोबर घेऊन तुम्हीच नेलंत. मी घरी आले तेव्हा माझं पाणी भरलेलं, अंथरूण घातलेलं, आणि तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. कित्येक आठवडे तुम्ही मला घागर उचलू दिली नाहीत. मी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाही. मला वाटायचं, ती फक्त मलाच आठवते.

"ती लई लहान हाय लता," तुम्ही म्हणालात. "तो आल्यावर मातीतली समदी उटतील, हाक तिलाबी ऐकू येईल. पर तिला उटता कुटं येतंय? कुणीतरी उचलून घ्यायला पायजे की."

मी तुमच्या पायावर डोकं ठेवून रडले. नळ सोडायची गरज वाटली नाही. मग तुम्ही माझ्या केसांवरून हात फिरवत मला सगळं सांगितलंत. तिला केस होते, पार कपाळावर आलेले. जिवणी माझी, नाक तुमच्या दादांचं. एक मूठ मिटलेली होती आणि तुम्ही ती उघडली नाहीत. तुमच्या नव्या शालीत गुंडाळली होती. मी विचारत गेले आणि तुम्ही सांगत गेलात, चहाची वेळ टळून गेली तरी. वन्सं, मला माझी मुलगी त्या दुपारी बघायला मिळाली. याचे आभार कसे मानतात, मला माहीत नाही. आपल्या घरात आभार मानायची पद्धतच नव्हती. वाटी परत करायची, आणि रिकामी करायची नाही, एवढंच तुम्ही शिकवलंत.

तुम्ही गेलात त्या सकाळी हे म्हणाले, आई-दादांच्या शेजारी. मंडळीचे वडीलधारेही तेच म्हणाले. फाटकाकडे मोठ्या माणसाला देत नाहीत, आणि सिस्टरसारखी बाई तिथे कडेला कशी ठेवायची? मी म्हटलं, मी शब्द दिलाय. हे चिडले. "ताईला आईबापापासून तोडायचं का?" ओसरीवर माणसं जमलेली, तुम्ही आत पांढऱ्या चादरीखाली, आणि आम्ही दोघं स्वयंपाकघरात भांडतोय. तुम्ही असता तर आधी भांडण मिटवा म्हणाला असतात. शेवटी मी यांना तुमचे शब्द सांगितले. जसेच्या तसे. तिला उठता कुठं येतंय.

ते पायांत चपला घालून निघून गेले. मला वाटलं, आता काय झालं! परत आले तेव्हा चपला मातीने भरलेल्या होत्या. खड्डा खणणाऱ्यांना त्यांनी स्वतः जागा दाखवली होती.

तिथे खूण काही नाही, वन्सं. दगड नाही, नाव नाही, आणि भिंतीलगत गवत माजलेलं. तरी त्यांनी बरोबर दाखवली. माती देताना मी यांना हळूच विचारलं, तुम्हाला कसं कळलं नेमकं कुठे ते? ते म्हणाले, "मी येतो अधूनमधून. ताईपण यायची. एकमेकांना दिसलो की दुसरं काहीतरी बोलायचो." मला कोणी काही सांगितलं नाही म्हणून मी रागावणार होते. पण तुमच्या दोघांचं ते दुसरंच काहीतरी बोलणं डोळ्यांपुढे आलं, पावसापाण्याचं असेल, आणि राग आलाच नाही. मी यांचा हात धरला. एवढ्या लोकांत मी यांचा हात पहिल्यांदाच धरला असेन.

गल्लीतली हाक आता मी देणार आहे. नरसम्माला सांगितलं तर म्हणाली, "तुझा आवाज बारीक आहे, पण चालेल." निळं पिंपही भरते आहे. वॉर्ड तुमच्याइतका नीट राहील असं वचन देत नाही. रात्रीची भांडी परवा तशीच राहिली. आणि माझा विश्वास तुमच्यासारखा खणखणीत नाही, हे तुम्ही ओळखून होता. तुम्हाला जे अगदी स्वच्छ दिसायचं ते मला अजून धुरकटच दिसतं. पण आता मला तो यायला हवा आहे. खरंच हवा आहे. तुमच्या इतक्या वर्षांच्या सांगण्याने जे झालं नाही, ते त्या एका दुपारी झालं.

तर वन्सं, तो येईल तेव्हा तिला उचलून घ्या. मान सावरून धरायची, हे तुम्हाला मी काय सांगायचं. मी येईपर्यंत तिला खाली ठेवू नका.